पुढचं पुस्तक दुसऱ्याला निवडू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबर जवळ आला की आपल्या पेपरात वाचन प्रेरणा दिनाच्या बातम्या यायला लागतात. शाळेत टेबलावर मांडलेली पुस्तकं, पाहुण्यांचं भाषण, मुलांचं सामूहिक वाचन. हे सगळं व्हायलाच पाहिजे, माझं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण त्यात एका गोष्टीची भर घालावी असं फार मनापासून वाटतं म्हणून हे पत्र. त्या दिवशी प्रत्येकाने एका दुसऱ्या माणसासाठी पुस्तक निवडावं, आणि ते असं पाहिजे की तो माणूस स्वतःहून त्या कपाटाकडे कधी फिरकला नसता. आणि त्याने आपल्यासाठी जे निवडलं असेल ते आपण वाचावं.

आम्ही हे करतो. आम्ही म्हणजे ट्रान्सहार्बरच्या लेडीज डब्यातल्या काही जणी, सकाळी ठाण्याला १० नंबरवरून गाडी पकडणाऱ्या. कुणी रबाळ्याला उतरते, कुणी कोपरखैरणेला, कुणी तुर्भ्याला, मी वाशीपर्यंत असते. एक जण हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, एक शाळेत शिकवते, एक एपीएमसी मार्केटमध्ये मसाल्याच्या गाळ्यावर हिशोब बघते, एक एमआयडीसीत पॅकिंगला सुपरवायझर आहे. सगळ्या वाचणाऱ्या, पण प्रत्येकीचं आपलं आपलं ठरलेलं. हिने ऐतिहासिक कादंबरी सोडून काही हातात घेतलं नाही, तिला फक्त रहस्यकथा, तिसरीला व्यक्तिमत्त्व विकास आणि पैशाची पुस्तकं, आणि माझ्याकडे कायम कुटुंबातल्या गोष्टी, ललित, दिवाळी अंक. आम्ही एकमेकींच्या डब्यातली भाजी न विचारता चाखतो पण पुस्तकाच्या बाबतीत मात्र प्रत्येक जण आपापल्या घरचंच खात होती. मग एकीने सुचवलं की पुढच्या महिन्यात तू माझं निवड, मी हिचं निवडते, आणि ते सुरू झालं ते अजून चालू आहे.

मसाला मार्केटवाल्या ताईंचं उदाहरण सांगते. शिवकाल आणि पेशवाई याच्या बाहेर त्या जायच्याच नाहीत. त्यांच्यासाठी निवडायचं काम नर्स ताईकडे आलं. तिने विचार काय केला बघा, ती म्हणाली की यांना लढाया आवडतात असं आपल्याला वाटतं पण त्या गाडीत आम्हाला जे सांगतात ना त्यात लढाई कमीच असते, त्या सांगतात की मोठ्या माणसाच्या घरातल्या बायकांनी काय सोसलं आणि कसं निभावलं. म्हणून तिने लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे दिलं. तलवार नाही, किल्ला नाही. लग्नानंतर घरातच लिहायला वाचायला शिकलेली एक बाई, नवरा रेव्हरंड टिळक, त्यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, संसार मधल्या मध्ये तुटला आणि पुन्हा जुळला, आणि हे सगळं ती बाई अशी सांगते की आपल्या शेजारी बसून बोलतेय. आमच्या ताईंनी ते वाचलं आणि एक दिवस घणसोली यायच्या आत त्यांनी पुस्तक उघडून वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचा किस्सा मोठ्याने वाचला, अर्धा डबा ऐकत होता, ज्यांची ओळख नाही अशा बायकासुद्धा. ताई म्हणाल्या, "अगं, हिला एवढं रडण्यासारखं असून ही रडत का नाही गं?" मला वाटतं स्मृतिचित्रेबद्दल याच्यापेक्षा नेमकं मी कुठल्या परीक्षणात वाचलेलं नाही.

निवडणाऱ्याचं काम काय असतं ते मला इथे सांगायचंय, कारण बहुतेक लोक इथे चुकतात. लोकांना वाटतं की दुसऱ्याला वेगळं द्यायचं म्हणजे आपलं आवडतं पुस्तक त्याच्या गळ्यात मारायचं. तसं नाही हो. आधी त्या माणसाला जे आवडतं त्यातलं त्याला नक्की काय आवडतं हे ओळखायचं, आणि मग तीच गोष्ट दुसऱ्या जातीच्या पुस्तकात कुठे मिळेल ते शोधायचं. रहस्यकथा वाचणाऱ्याला खून आवडत नसतो, त्याला कोडं सुटताना बघायला आवडतं. प्रवासवर्णन वाचणाऱ्याला कधी कधी जेवणच आवडत असतं. आणि हे ओळखायला त्या माणसाचं बोलणं ऐकावं लागतं, नीट ऐकावं लागतं. फोनवर हल्ली पुस्तकं सुचवतात, पण तिथे मागे जे घेतलं त्याच्यासारखंच अजून एक पुढे येतं, त्याला आपलं बोलणं कुठे माहीत असणार.

कोड्यावरून आठवलं. नर्स ताईला रहस्यकथांशिवाय चालत नाही, नाइट ड्यूटीला झोप येऊ नये म्हणून लागलेली सवय. तिच्यासाठी मी जयंत नारळीकरांचा यक्षांची देणगी हा विज्ञानकथांचा संग्रह निवडला. विज्ञान म्हटल्यावर तिने तोंड वाकडं केलं, दहावीत सायन्सने छळलंय म्हणाली. मग मी तिला एक खरी गोष्ट सांगितली. नारळीकरांनी त्यांची पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली १९७४ साली, तेव्हा ते आधीच जगभर नाव असलेले शास्त्रज्ञ होते. नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं, नारायण विनायक जगताप. म्हणजे स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. आणि त्या जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. हे ऐकल्यावर ती म्हणाली की हीच तर रहस्यकथा झाली, दे इकडे.

त्या गोष्टीवरून आम्ही एक पद्धत पाडली, पुस्तकाला पेपरचं कव्हर घालून द्यायचं. वरून ना नाव दिसत ना लेखक ना चित्र. आतलं पान उघडलं की कळतंच, पण गाडीत हातात धरायला संकोच होत नाही आणि दुसरं कोणी बघून "हे काय वाचतेस गं तू" असं विचारत नाही. हा प्रश्न फार पुस्तकं मारतो असं माझं स्पष्ट मत आहे. पन्नाशीच्या बाईने किशोर कादंबरी वाचली तर लोक विचारतात, कॉलेजच्या मुलाने कवितासंग्रह धरला तर मित्र चिडवतात. कव्हर आतून पुस्तकाची चिठ्ठी पण धरून ठेवतं. चिठ्ठी सक्तीची आहे आमच्यात. दोन तीन ओळी, स्वतःच्या अक्षरात, हे तुलाच का. सगळ्यांना चांगलं म्हणून नाही, तुलाच का. ज्याला हे लिहिता येत नाही त्याने अजून निवडलेलं नाही असं समजावं.

मला आलेली एक चिठ्ठी माझ्याकडे आहे, पॅकिंगवाल्या ताईची, ती कळव्याला राहते. तिने लिहिलं होतं, "तुम्ही घराघरातल्या गोष्टी वाचता. हे पण एका घराचंच आहे, फक्त ते घर गावाच्या बाहेर आहे." आत होती अण्णाभाऊ साठ्यांची फकिरा. १९५९ सालची कादंबरी, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली. दुष्काळात माणसं उपाशी मरतायत म्हणून धान्य लुटून वाटणारा मांग समाजातला एक तरुण. मी दोन रात्रीत वाचली. अण्णाभाऊ मुंबईत राहायचे कुठे तर घाटकोपरच्या चिरागनगरात, म्हणजे ठाण्याहून स्लो लोकलने अर्ध्या तासाच्या आतलं अंतर. आमच्या घरी पुस्तकांची दोन कपाटं, आजोबांपासूनची, पण त्यात अण्णाभाऊ नव्हते. कुणी मुद्दाम नको म्हटलेलं नाही, फक्त कधी कुणी आणलं नाही. ते वाचल्यावर मला हे दिसायला लागलं की ज्याला आपण माझी आवड माझी आवड म्हणतो ती बरीचशी आपली नसतेच. ती घरातल्या कपाटाची असते, शाळेत कुठल्या मीडियमला घातलं त्याची असते, कुठल्या आळीत वाढलो आणि आईवडलांचे मित्र कोण होते त्याची असते, आणि हो, जातीचीही असते, ते बोलायला आवडत नसलं तरी. तुमच्या घरात जे कपाटात नव्हतं ते तुम्हाला तुमच्या घरातला माणूस देऊ शकत नाही, दुसऱ्या घरातलाच देऊ शकतो. म्हणून मी या गोष्टीसाठी एवढी मागे लागलेय.

सगळीच निवड जमते असं नाही, आणि जमली नाही तर तसं सांगता आलं पाहिजे. आमचा नियम आहे, पन्नास पानं वाचायची, मग आवडलं नाही तर परत, आणि देणारीने राग मानायचा नाही. शिक्षिका आहेत त्यांना दुर्गा भागवतांचं ऋतुचक्र दिलं होतं, त्यांनी पन्नास पानं वाचून परत आणलं, म्हणाल्या यात काही घडतच नाही. मग देणारी म्हणाली की अहो हे असं सलग नाही वाचायचं, यात चैत्रापासून एकेक महिना आहे, तुम्ही आता जो महिना चालू आहे तेवढाच वाचा आणि पुढचा महिना लागला की पुढचा. पुस्तक परत त्यांच्याकडे गेलं. वैशाखात एक दिवस त्या गाडीत चढल्या चढल्या सांगायला लागल्या की शाळेच्या कंपाउंडला बहावा आहे, इतकी वर्षं मी त्याच्याखाली स्कूटी लावते आणि त्याची पिवळी फुलं वर न बघता झटकून टाकते सीटवरची. एवढंच. पुस्तक आवडलं असं त्या अजूनही म्हणत नाहीत, पण वाचतायत महिन्याप्रमाणे. अशी धीमी पुस्तकं वाचनालयात पडून राहतात कारण ती कशी वाचायची हे सांगणारं कोणी भेटत नाही.

आणि काही निवडी करूच नयेत. एका ताईंना त्यांचे दीर दर वाढदिवसाला वजन कमी करण्याचं नाहीतर वेळेचं नियोजन असलं काहीतरी पुस्तक देतात. ही निवड नव्हे, हा कव्हर घातलेला टोमणा आहे. दुसऱ्याला सुधारायला पुस्तक द्यायचं नसतं. तसंच ज्याच्या घरात नुकतं दुःख झालंय त्याला त्याच दुःखाचं पुस्तक द्यायच्या आधी विचारावं, काहींना त्यातून बरं वाटतं, काहींना ते उघडवत नाही, आपल्याला बाहेरून कळत नाही.

हे फक्त बायकांचं किंवा गाडीतलं आहे असं मात्र समजू नका. माझे सासरे वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झालेले, वाचन भरपूर पण सगळं राजकारण आणि आत्मचरित्रं. माझा मुलगा नववीत, इंग्लिश मीडियम, तो जपानी चित्रकथा वाचतो, मांगा म्हणतात त्याला. दोघांनी एकमेकांसाठी निवडायचं असं मी घरात जाहीर केलं तर आधी दोघंही "हे काय" म्हणाले. बाबांनी जी चित्रकथा हातात घेतली ती नेहमीसारखी पहिल्या पानापासून उघडली, तर मुलगा म्हणाला, "आजोबा, ते शेवटचं पान आहे, तिकडून सुरू करा." जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे जाते, पानंही तशी आणि पानावरचे चौकोनही तसेच. बाबा गॅलरीत बसून बोटाने चौकोनांचा क्रम लावत होते आणि हा शेजारी स्टुलावर बसून "आता वरचा, आता खालचा" सांगत होता. शिकवणारा नातू आणि शिकणारे आजोबा असं आमच्या घरात मी तरी आधी बघितलं नव्हतं. बदल्यात बाबांनी त्याला वीणा गवाणकरांचं एक होता कार्व्हर दिलं, १९८१ सालचं, मराठी वाचायला त्याला वेळ लागतो म्हणून रोज थोडं मोठ्याने वाचून घेतात त्याच्याकडून. अडलेला शब्द विचारायला आता तो स्वतः जातो, मला पाठवावं लागत नाही.

आता माझी विनंती कुणाला आहे ते. पहिली आपल्या ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या वाचनालयांना. ठाण्याला तर वाचनालयांचा केवढा वारसा आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली इथे सुरू झालं, महाराष्ट्र सारस्वत लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांतले. एवढा मोठा साठा आणि आपण सगळे जातो कुठे तर दारातून शिरल्यावर नवीन आलेल्या पुस्तकांच्या टेबलापाशी, नाहीतर आपल्या ठरलेल्या कपाटापाशी. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला एक म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि लगेच दुसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. पहिल्यावर सगळे मेहनत घेतात. दुसऱ्याचं काय? ज्या पुस्तकावर कित्येक वर्षांत तारखेचा शिक्का पडलेला नाही त्याचा वाचक याच गावात कुठेतरी असतो, बहुतेक शेजारच्या कपाटापाशी उभा असतो.

काउंटरवर एखाददुसरा माणूस असतो, त्यांच्या अंगावर अजून काम टाकू नये, हे वाचकांनीच एकमेकांसाठी करायचं आहे. वाचनालयाने फक्त एक खोका ठेवावा आणि चिठ्ठ्या. चिठ्ठीवर वाचकाने लिहायचं की मला अलीकडे काय आवडलं, काय अर्धवट सोडलं आणि कशाला कधी हातच लावला नाही. दुसऱ्या सभासदाने एक चिठ्ठी उचलायची आणि त्या माणसासाठी कपाटातून पुस्तक काढून त्यात आपली चिठ्ठी घालून ठेवायची. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, हे पुस्तक नेहमीच्या कार्डावर नोंदवू नका, जादाचं द्या. एका वेळी एकच पुस्तक मिळत असेल तर माणूस अनोळखी पुस्तकावर आपली पाळी घालवत नाही, पुन्हा आपलं ठरलेलंच घेतो, त्यात त्याची काही चूक नाही. एक जादा पुस्तक मिळालं की लोक धाडस करतील, मला खात्री आहे.

दुसऱ्याने भरलेली पुस्तकं मराठी माणूस आनंदाने वाचतो हे तर दिसलेलंच आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ग्रंथ तुमच्या दारी हा उपक्रम आहे, शंभर शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि आपापसात फिरतात, २००९ साली सुरू झालेलं हे काम पार परदेशापर्यंत गेलं. पेटीत काय येईल ते वाचकाने ठरवलेलं नसतं, तरी लोक वाट बघतात. मी जे म्हणतेय त्यात फक्त एवढंच जास्त आहे की निवडणाऱ्याला वाचणारा माहीत असावा. सोसायट्यांमध्ये हे सहज होईल, घोडबंदरच्या त्या मोठ्या मोठ्या टॉवरमध्ये एका लिफ्टने वर्षानुवर्षं जाणाऱ्या लोकांना एकमेकांची नावं माहीत नसतात. सिडकोच्या जुन्या कॉलन्यांमध्ये अजून ओळखी आहेत, तिथे तर एका रविवारी सुरू करता येईल.

आणि दुसरी विनंती तुम्हाला, संपादक साहेब. रविवारच्या पुरवणीत पुस्तक परीक्षणं येतात, ती मी वाचते. त्याच पानावर एक लहानशी चौकट द्या. एका वाचकाने चार ओळींत आपली आवड सांगायची, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या कुठल्या तरी वाचकाने त्याच्यासाठी निवडलेलं एक पुस्तक आणि का निवडलं ते. महिनाभराने त्या पहिल्या वाचकाने खरं खरं लिहायचं, आवडलं की नाही. नाही आवडलं तर तेही छापा, ते छापलंत तरच लोकांचा विश्वास बसेल. नवीनच पुस्तक पाहिजे असं बंधन घालू नका, वाचनालयात मिळणारं असलं म्हणजे झालं, सगळ्यांना विकत घेणं परवडत नाही.

सुरुवातीला कोणी पुढे येणार नाही म्हणून पहिली चिठ्ठी माझीच घ्या. मला आवडतात कुटुंबाच्या कथा कादंबऱ्या, ललित, जुने दिवाळी अंक आणि आता अण्णाभाऊ. अर्धवट सोडलीत ती बहुतेक युद्धाची पुस्तकं आणि खूप पात्रं असलेल्या अनुवादित कादंबऱ्या, नावं लक्षात राहत नाहीत. आणि ज्याला कधी हात लावला नाही ते म्हणजे खेळ, शिकार, शेअर बाजार आणि समुद्र. खाडीच्या गावात राहते तरी समुद्राचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. तुमच्या कुठल्याही वाचकाने यातलं काहीही निवडावं, पन्नास पानं नक्की वाचेन आणि जे वाटेल ते तुम्हाला लिहून कळवेन.

आपली,
एक वाचक
नौपाडा, ठाणे